इलेक्ट्रिक गाडीचे चार्जिंग: ६५ पैशांचा दावा आणि अडीच रुपयांचे बिल

इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला ६५ पैशांत चालते, हा हिशोब शोरूमपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकाच रीतीने मांडला जातो. बॅटरी साडेचाळीस युनिटांची. युनिट साडेसात रुपयांना धरले तर पूर्ण चार्ज ३०४ रुपयांत होतो. कागदावरचा पल्ला ४६५ किमी. भागाकार केला की ६५ पैसे. भागाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले तिन्ही आकडे चुकीचे आहेत आणि तिन्ही चुका खर्च कमी दाखवणाऱ्या आहेत. त्यामुळे त्या एकमेकींना कापत नाहीत, एकमेकींवर चढतात.

याच्या उलट दावाही हल्ली ऐकू येतो: वीज एवढी महाग झाली की इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलइतकीच पडते. तोही खरा नाही. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठे पडते, ते गाडीपेक्षा आपण कोणत्या मीटरवरून चार्ज करतो यावर जास्त अवलंबून असते. महाराष्ट्रात तर फारच. म्हणून एक घर, एक गाडी आणि एक बिल घेऊन हा हिशोब पैशापर्यंत करून पाहू.

घर आणि गाडी

हिशोबासाठी घर धरले आहे पुण्यातले. सोसायटीतला फ्लॅट, महावितरणचे सिंगल फेज घरगुती कनेक्शन, गाडी येण्याआधीचा वापर महिन्याला २२० युनिट. गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही, ४०.५ युनिट क्षमतेची बॅटरी असलेली. कोथरूड ते हिंजवडी रोजचे जाणे-येणे आणि सुट्टीची कामे मिळून महिन्याला १,२०० किमी. चार्जिंग रात्री, पार्किंगमध्ये, १५ अँपियरच्या सॉकेटवर, आणि ती वीज फ्लॅटच्याच मीटरमधून. विजेचे दर २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे घेतले आहेत. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलत राहतात, पण हिशोबाची रीत तीच राहते. आपल्या ताज्या बिलावरचे दर घालून वाचावे.

४६५ किमी कुठून आले, आणि बॅटरीत किती युनिट जातात

प्रमाणपत्रावरचा पल्ला भारतीय चाचणीचक्रावर काढलेला असतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते. एसी बंद, रस्त्याला चढ नाही, वेग हळूहळू वाढतो, सरासरी वेग शहरातल्या मोकळ्या रस्त्याइतका. गाड्यांची आपापसात तुलना करायला ही चाचणी ठीक आहे. खर्चाचा हिशोब करायला नाही. याच बॅटरीच्या मॉडेलसाठी कंपनी ग्राहकाला प्रत्यक्ष वापराचा म्हणून २९०–३१० किमीचा पट्टा सांगत असे. एसी चालू, दोन-तीन माणसे, चांदणी चौकाचा चढ आणि हिंजवडीची कोंडी धरली तर किलोमीटरला ०.१४ युनिट, म्हणजे पूर्ण बॅटरीत २८९ किमी, हा धरायला योग्य आकडा आहे. १,२०० किमीला बॅटरीतून १६८ युनिट जातील.

गाडीच्या पडद्यावर दिसतो तो हाच आकडा, बॅटरीतून गेलेला. बिल मात्र मीटरमधून गेलेल्या युनिटांचे येते आणि या दोहोंत दहा ते पंधरा टक्क्यांचे अंतर असते. हे अंतर नेमके कशाने पडते?

गाडीतला चार्जर घरच्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेची बॅटरीला लागणारी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज करतो, त्यात काही टक्के उष्णतेत जातात. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीची नियंत्रण यंत्रणा जागी असते, १२ व्होल्टची बॅटरी भरत असते, शीतकाचा पंप फिरत असतो. हा वरखर्च साधारण २०० वॅट धरा. तो चार्जिंगच्या वेगावर नाही, वेळेवर चालतो. ३ किलोवॅटच्या आसपास चौदा तास चार्ज केले तर त्यात २.८ युनिट गेली. तीच बॅटरी ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर साडेसहा तासांत भरली तर १.३ युनिट. संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरते अशा भागात सॉकेटवरचा चार्जर तेवढ्याच अँपियरवर कमी शक्ती ओढतो, वेळ वाढतो आणि वरखर्चही वाढतो. राहिलेला तोटा वायरमध्ये होतो. त्याकडे पुढे येऊ, कारण तो दुरुस्त करता येतो.

एकूण तोटा १२ टक्के धरला तर १६८ भागिले ०.८८, म्हणजे मीटरवर १९१ युनिट. किलोमीटरला ०.१५९ युनिट. पूर्ण बॅटरी भरायला साडेचाळीस नव्हे, ४६ युनिट लागतात.

युनिटाचा दर: हिशोब इथेच फसतो

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ मध्ये महावितरणचा वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४ रुपये होता. त्यावर प्रत्येक युनिटाला १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वेगळा असतो, तो इथे सोडला आहे. शुल्कासह युनिट असे पडते: पहिला टप्पा ६.८२ रुपये, दुसरा १३.२९, तिसरा १८.२४, चौथा २०.६६.

आता घरात गाडी आली. फ्रिज, दिवे, पंखे, गिझर यांची २२० युनिटे आधीपासून होतीच आणि खालचे स्वस्त टप्पे त्यांनी भरून टाकलेले आहेत. गाडीची १९१ युनिटे त्यांच्या डोक्यावर, २२१ पासून ४११ पर्यंत बसतात. त्यातली ८० युनिटे दुसऱ्या टप्प्यात आणि १११ तिसऱ्यात.

८० गुणिले ११.४६ म्हणजे ९१७ रुपये. १११ गुणिले १५.७२ म्हणजे १,७४५ रुपये. बेरीज २,६६२ आणि शुल्कासह ३,०८८ रुपये. भागिले १,२०० किमी: किलोमीटरला २ रुपये ५७ पैसे.

म्हणजे दाव्याच्या जवळजवळ चौपट. यात कोणी फसवलेले नाही, मीटर पळत नाही, गाडीत बिघाड नाही. गाडी आल्यावर पहिल्या महिन्याचे बिल पाहून मीटर तपासणीचा अर्ज करणाऱ्यांनी आधी बिलाच्या मागचा टप्प्यांचा तक्ता पाहावा.

मीटरला कोणते युनिट फ्रिजचे आणि कोणते गाडीचे हे कळत नाही, मग वरचा टप्पा गाडीच्याच माथी का मारायचा, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की आपल्याला गाडीमुळे वाढलेला खर्च काढायचा आहे. गाडी नसती तर बिल २२० युनिटांचे आले असते. गाडीसह ते ४११ युनिटांचे आले. दोन बिलांतला फरक हाच गाडीचा खर्च आणि तो ३,०८८ रुपयेच येतो, कोणत्याही बाजूने मोजा. बरेच जण जुन्या बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी दर काढतात. या घरात शुल्काआधी ती ८.९२ रुपये येते आणि गाडीचा महिना साधारण १,७०० रुपयांत बसेल असे वाटते. बिल येते तेव्हा तेच शुल्काआधी २,६६२ असतात. सरासरी हा जुन्या वापराचा गुण आहे, नव्या युनिटांना तो लागू होत नाही.

याच कारणाने गाडीचा खर्च ऋतूप्रमाणे हलतो, गाडी एक किलोमीटरही जास्त न चालता. डिसेंबरमध्ये घरचा वापर १५० युनिटांवर आला तर तीच १९१ युनिटे २,७४२ रुपयांना पडतात, म्हणजे किलोमीटरला २.२८ रुपये. मे महिन्यात घरचा एसी चालून वापर ३२० वर गेला तर गाडी पूर्ण तिसऱ्या टप्प्यात ढकलली जाते, शेवटची ११ युनिटे चौथ्यात जातात आणि खर्च ३,५१० रुपये, किलोमीटरला २.९३ होतो.

शेजारच्या गोव्यात घरगुती दराचा सर्वांत वरचा टप्पासुद्धा महाराष्ट्राच्या तिसऱ्या टप्प्याच्या निम्म्याहून कमी आहे. तिथे किलोमीटरला रुपया हे म्हणणे खरे ठरते. म्हापशाच्या माणसाने सांगितलेला आकडा पुण्याच्या माणसाने मनावर घेतला की घोळ होतो. दोघेही खरेच बोलत असतात.

रात्री वीज स्वस्त असते का

घरगुती मीटरवर रात्रीची सवलत २०२४-२५ मध्ये नव्हती. रात्रीची सूट होती ती वेळेनुसार दर लागू असलेल्या वर्गांना, चार्जिंगच्या स्वतंत्र वर्गासह. जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदवणारे, मीटर बसलेल्या घरांना सवलत मिळू लागली ती दिवसा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. तेव्हा फ्लॅटच्या मीटरवर चार्ज करणाऱ्याने गजर लावून रात्री उठण्यात पैशाचा फायदा काही नाही. रात्री चार्ज करण्याचे खरे कारण एवढेच की गाडी तेव्हा घरी असते आणि गिझर-इस्त्री-ओव्हनचा भार बंद असतो.

वायर, सॉकेट आणि अर्थिंग

गिझरही १५ अँपियरच्या सॉकेटवर चालतो, पण वीस मिनिटे. गाडी पूर्ण भरायची तर १५ अँपियर बारा-चौदा तास ओढते. घरगुती वायरिंग या कामासाठी घातलेले नसते, आणि पैशाची गळती व आगीचा धोका दोन्ही इथूनच सुरू होतात.

मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ४० मीटर अंतर धरू. जाऊन-येऊन ८० मीटर तांबे. २.५ चौरस मिमी वायर असेल तर तिचा रोध साधारण ०.६ ओहम, १५ अँपियरला ९ व्होल्ट वायरमध्येच गळतात आणि १३५ वॅट उष्णता होते. महिन्याच्या साठ तासांच्या चार्जिंगमध्ये ८ युनिटे वायर तापवण्यात गेली, तीही तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे दीडशे रुपये. ६ चौरस मिमी वायर घातली तर हाच तोटा साडेतीन युनिटांवर येतो. वर्षाला हजारभर रुपये वाचतात. शिवाय पुढे ७.२ किलोवॅटचा चार्जर लावायचा झाला तर वायर बदलावी लागत नाही, फक्त तो ३२ अँपियर नेणार असल्याने नळीतून किंवा ट्रेमधून जाणाऱ्या वायरची क्षमता वायरमनकडून तपासून घ्यावी. २.५ ची वायर घालून पाच हजार वाचवणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महाग वाचवणे आहे.

सॉकेट औद्योगिक प्रकारचे घ्यावे. साधे मॉड्युलर १६ अँपियरचे सॉकेट रोजच्या लांब भाराने आतल्या पकडीत सैल होते, सैल जागी रोध वाढतो, रोधाने ताप, तापाने पकड आणखी सैल. प्लगच्या पिना काळ्या पडणे, सॉकेटचे प्लास्टिक पिवळे होणे ही पुढची पायरी. चार्जिंग सुरू होऊन तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर त्या रात्री चार्जिंग थांबवावे. या सर्किटवर दुसरे काहीही नको, जवळचा दिवाही नको. जादा भाराला तुटणारा २० अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी आणि वीज गळली की तुटणारे ३० मिलिअँपियरचे ए प्रकारचे आरसीसीबी, किंवा दोन्ही एकत्र असलेले आरसीबीओ लावावे. जुन्या घरांत असते ते एसी प्रकारचे आरसीसीबी गाडीच्या चार्जरमधून येणारी स्पंदित डीसी गळती नीट ओळखत नाही.

चार्जिंग मधेच तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अर्थिंग असते. चार्जिंग केबलवरचा डबा न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाहतो, तो वाढला की लाल दिवा लावून थांबतो. लोक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात, तिथे ती नीट चार्ज होते, घरी आली की पुन्हा थांबते. मल्टिमीटरने भार चालू असताना न्यूट्रल-अर्थ मोजावे. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पाचच्या वर गेला तर सैल न्यूट्रल किंवा कोरडा अर्थपिट समजावे. एप्रिल-मेमध्ये ही तक्रार वाढते, कारण माती सुकते आणि पिटाचा रोध चढतो. पिटात पाणी घालून चार दिवस निघतात, कायमचा उपाय म्हणजे पार्किंगजवळ रासायनिक भरणाचा वेगळा अर्थपिट, रोध पाच ओहमच्या आत. अर्थ नीट नाही म्हणून प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून डब्याला फसवणारे वायरमन आहेत. असे कधीही करू देऊ नये. न्यूट्रल तुटला तर गाडीचा पूर्ण पत्रा जिवंत होतो.

भार वाढवला तर

सॉकेटवरच्या चार्जिंगला ३.३ किलोवॅट लागतात आणि मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा. ७.२ किलोवॅटसाठी अनेक घरे थ्री फेज घेतात. तेव्हा स्थिर आकार २०२४-२५ च्या दराने महिन्याला १२८ वरून ४२४ रुपये होतो, शुल्कासह ३४३ रुपयांची वाढ. १,२०० किमीवर किलोमीटरला २९ पैसे, गाडी उभी असली तरी. रोज चाळीस-पन्नास किमी चालणाऱ्या गाडीला रात्रीची ७-८ युनिटे लागतात, ती सॉकेटवर तीन तासांत भरतात. तिला घरी ७.२ किलोवॅटची गरज नसते.

स्वतंत्र मीटर: कोणाला परवडतो

वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रिक वाहनाच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला वेगळे कनेक्शन मागता येते, सोसायटीत राहणाऱ्यालाही. महावितरणकडे चार्जिंगचा वेगळा दरवर्ग आहे. त्याचे मोठे वैशिष्ट्य असे की त्यात टप्पे नाहीत. पहिले युनिट आणि पाचशेवे युनिट एकाच दराचे. बदल्यात स्थिर आकार मंजूर भारावर लागतो आणि तो गाडी चालो न चालो द्यावाच लागतो.

हिशोबाला युनिट सगळ्या आकारांसह ९ रुपये आणि ५ केव्हीए (ढोबळपणे ५ किलोवॅट) भारावर स्थिर आकार ४०० रुपये धरू. १९१ गुणिले ९ म्हणजे १,७१९, अधिक ४००, एकूण २,११९ रुपये. किलोमीटरला १.७७. फ्लॅटच्या मीटरपेक्षा महिन्याला ९६९ रुपये कमी. मीटर, ४० मीटर वायर, पेटी, संरक्षण आणि अर्थपिट मिळून ३० हजार लागले तर ३१ महिन्यांत फिटतात, आणि त्यातला वायर-पेटी-अर्थिंगचा खर्च फ्लॅटच्या मीटरवरून चार्ज केले तरी नीट काम करायचे तर लागतोच.

पण हा सल्ला सरसकट देऊ नये. ज्याच्या घरचा वापर १२० युनिट आणि गाडी महिन्याला ४०० किमी, त्याची ६४ युनिटे दुसऱ्याच टप्प्यात मावतात. फ्लॅटच्या मीटरवर ती ८५१ रुपयांना पडतात, स्वतंत्र मीटरवर ९७६ ला. त्याने वेगळा मीटर घेतला तर तोटाच. सीमारेषा काढणे सोपे आहे. गाडीची युनिटे तिसऱ्या टप्प्यात पडत असतील तर प्रत्येक युनिटामागे ९.२४ रुपये वाचतात आणि ४३ युनिटांत, म्हणजे २७० किमीत, स्थिर आकार वसूल. दुसऱ्या टप्प्यात पडत असतील तर वाचतात फक्त ४.२९, आणि वसुलीला ९३ युनिटे, जवळजवळ ५८५ किमी लागतात. पहिल्या टप्प्यातच मावत असतील तर फ्लॅटचाच मीटर स्वस्त. म्हणजे अर्ज करण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर घेऊन बसावे, एका महिन्याच्या बिलावर ठरवू नये.

सोसायटीचा सामाईक मीटर

सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती चांगल्या हेतूने होते. पार्किंगमध्ये सामाईक मीटरवरून एक सॉकेट काढून देतात, सबमीटर लावतात आणि युनिटाला आठ-नऊ रुपये घ्यायचे ठरवतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचे सामाईक कनेक्शन घरगुती दरानेच चालते आणि त्याचा वापर पाचशेच्या कितीतरी वर असतो. गाडीचे प्रत्येक युनिट सरळ चौथ्या टप्प्यात जाते: २०.६६ रुपये. सोसायटी ९ घेते, महावितरणला पावणेएकवीस देते. १९१ युनिटांवर महिन्याला २,२०० रुपयांहून जास्त फरक बाकीच्या सभासदांच्या देखभाल खर्चातून जातो. वर्षाच्या हिशोबात खजिनदाराला तो दिसतो आणि मग सभेत गाडीवाल्यावर राग निघतो. राग गाडीवर काढून उपयोग नाही, सामाईक मीटरवरून चार्जिंग देणेच बंद करावे. तीन-चार गाड्या झाल्या की सोसायटीच्याच नावाने चार्जिंगवर्गातले एक कनेक्शन घ्यावे. स्थिर आकार सगळ्यांत वाटला जातो, सबमीटरवर प्रत्येकाचे युनिट मोजले जाते आणि कोणाचे कोणाच्या अंगावर पडत नाही.

मुंबईची एक फेरी

शहराचा आकडा घेऊन घाटाकडे निघाले की तो चुकतो. द्रुतगती मार्गावर ताशी ९०–१०० च्या वेगात वाऱ्याचा विरोध वाढतो आणि किलोमीटरला ०.१७ युनिट लागतात. खोपोलीकडून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसांसह १,७०० किलोची गाडी तेवढी उंच नेण्यासाठी अडीच युनिट निव्वळ वजन उचलायला लागतात, मोटरचा तोटा धरून पावणेतीन. उतरताना त्यातले बरेचसे ब्रेकच्या पुनर्भरणातून परत येते, सगळे येत नाही. बॅटरी लोणावळ्याला पूर्ण भरलेली असेल तर काहीच घेता येत नाही, म्हणून घाटाच्या माथ्यावर शंभर टक्के चार्ज करू नये.

जाऊन-येऊन ३२० किमी आणि घाटात परत न येणारे युनिटभर धरले तर साडेपंचावन्न युनिटे. घरून भरलेल्या बॅटरीतली ३४-३५ वापरता येतात, कारण परतताना १५ टक्के राखून ठेवलेले बरे. उरलेली २१ वाटेत वेगवान डीसी चार्जरवर घ्यावी लागतात. तिथे युनिट २२ रुपये धरू, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५.९६. अ‍ॅपमध्ये दर पाहताना तो करासह आहे की कराआधीचा हे पाहावे, इथेच बिलात अठरा टक्क्यांचा धक्का बसतो. चार्जर ते बॅटरी किरकोळ तोटा धरून २२ युनिटे, ५७१ रुपये. घरची ३९ मीटर-युनिटे तिसऱ्या टप्प्याने ७११ रुपये. एकूण १,२८२, किलोमीटरला ४ रुपये.

तुलनेला पेट्रोलची तशीच गाडी हमरस्त्यावर लिटरला १७ किमी आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर १,९७६ रुपये. सीएनजीची गाडी किलोला २४ किमी आणि गॅस ९० रुपये धरला तर १,२००. म्हणजे या फेरीत, फ्लॅटच्या मीटरवर अवलंबून असलेली इलेक्ट्रिक गाडी सीएनजीपेक्षा महाग पडली. घरची वीज स्वतंत्र मीटरची असती तर फेरी ९२२ रुपयांत झाली असती. आणि घरी चार्जिंगची सोयच नसलेल्या, कायम डीसीवर राहणाऱ्या माणसाला हमरस्त्यावर किलोमीटरला ४.६५ रुपये लागतील. ज्याला पार्किंग नाही त्याला ६५ पैशांच्या हिशोबावर गाडी विकणे बरोबर नाही, एवढे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातली टोलमाफी ही वेगळी बाजू आहे. ती प्रवासखर्चात धरावी, चार्जिंगच्या दरात मिसळू नये.

शहरात मात्र चित्र स्वच्छ आहे. तशीच पेट्रोल गाडी पुण्याच्या रहदारीत लिटरला १४ किमी देते असे धरले तर किलोमीटरला साडेसात रुपये, १,२०० किमीला ९,०००. सीएनजी २० किमीच्या हिशोबाने साडेचार रुपये, ५,४००. इलेक्ट्रिक फ्लॅटच्या मीटरवर ३,०८८, स्वतंत्र मीटरवर २,११९. ‘पेट्रोलइतकीच पडते’ म्हणणारा इथे साफ चुकतो.

छतावर सौर पॅनेल असेल तर चार्जिंग फुकट होते, हेही अर्धेच खरे. पुण्यात एक किलोवॅटला महिन्याला साधारण १२० युनिटे मिळतात. नेट मीटरिंगमध्ये ती गाडीत गेली नाहीत तर बिलातून वजा झाली असती, म्हणून त्यांना किंमत आहे. पण ती बिलाच्या वरच्या टोकाकडून वजा होतात, आणि गाडीने जे टप्पे महाग केले तेच सौर वीज पुसते. त्यामुळे घर २२० युनिटांचे आणि गाडी १९१ ची असेल तर पॅनेल बसवताना गाडीसाठी दोन किलोवॅट जादा धरावेत.

आपला आकडा कसा काढावा

गाडी १०० टक्के चार्ज करावी. या गाडीतल्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला ती अधूनमधून पूर्ण भरलेली लागतेच, नाहीतर टक्केवारीचा काटा भरकटतो. प्लग काढताना सबमीटरचे वाचन आणि ओडोमीटर वहीत लिहावे, ट्रिप शून्य करावी. पार्किंगमध्ये सबमीटर नसेल तर पेटीत एमसीबीच्याच पट्टीवर (डीआयएन रेल) बसणारा एक लावून घ्यावा. मधे कितीही वेळा चार्ज करावे, पण सगळे त्याच मीटरवर; बाहेर कुठे घेतले तर त्या पावतीवरची युनिटे वेगळी लिहावीत. ८०० किमीच्या वर गेल्यावर गाडी पुन्हा १०० टक्के भरून दोन्ही वाचने घ्यावीत. मीटरमधला फरक भागिले किलोमीटर हा आपला मीटर-युनिट दर. तो ०.१५ ते ०.१७ मध्ये असावा. ०.१९ च्या वर आला तर आधी टायरची हवा, मग पार्किंगची वायर आणि प्लगचा ताप तपासावा. त्यानंतर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे बिल काढून घरची युनिटे कोणत्या टप्प्यावर थांबत होती ते पाहावे आणि गाडीची युनिटे तिथून वर मोजायला सुरुवात करावी.